कंपनीची लव

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे पाणी गाळणं. त्यात सांगण्यासारखं काय नाय. ती हंड्याच्या तोंडावर फडकं धरायची आणि मी वरून कळशी ओतायचो. लग्न झाल्यापासूनच्या किती सकाळी अशा गेल्या ते मोजलं नाय. मी जोरात ओतलं की ती बोलायची, "बैलाला पाजताय का?" हळू ओतलं की बोलायची, "पिंडीवर अभिषेक चाललाय का?" मधलं माप मला शेवटपर्यंत सापडलं नाय.

त्या सकाळी पहिला हंडा भरला. दुसरा निम्मा झाला तेव्हा तिने फडकं उचलून उजेडात धरलं, अंगठ्याने त्यावरचं एक गुलाबी तूस टिपलं आणि माझ्या नाकाखाली आणलं.

"हे बघा. तुमचं साफ पाणी."

मी बोललो, "तुझ्या लुगड्याचं असेल."

"माझं लुगडं हिरवं हाय."

"मग शेजारणीचं."

"शेजारीण आपल्या विहिरीत लुगडं पिळते का? फडकं घेऊन कधी जाताय ते सांगा."

"उद्या."

"तुमचा उद्या म्हंजे उंबरमाळीवरनं जाणारी मेलगाडी. दिसते, शिटी मारते, थांबत नाय."

दुपारी ती त्याच हंड्याशेजारी बसली आणि बोलली, डोळ्यांपुढे अंधारी येतेय. जीप मिळाली, शहापूरला नेलं. डॉक्टरने जीपमध्येच चढून बघितलं आणि खाली उतरला. तो उतरला तसं मला कळलं. दिवस मावळायच्या आत सगळं उरकलं होतं. निम्मा हंडा तसाच होता.

आता हे फडकं कुठलं आणि मी कुठे जायचं होतं, ते सांगतो.

आमच्याकडे पूर्वी नारूचा रोग होता. पाण्यातनं अंगात जायचा आणि पायातनं दोरीसारखा बाहेर यायचा. तेव्हा आरोग्याची बाई घरोघर सांगत आली, की फडकं चौपदरी करा आणि पाणी गाळून प्या. गावाने वर्षभर गाळलं, मग सोडून दिलं. नारू गेला, आरोग्याची बाई बदली होऊन गेली, पण आमची ही गाळतच राहिली. मी बोलायचो, "अगो, नारू मेला." ती बोलायची, "मेला ते तुमाला कोणी सांगितलं? मर्तिकाला गेला व्हतात?"

नव्वदच्या पुढेमागे आमच्या गावाच्या वरच्या अंगाला, शेणव्याच्या रस्त्यापासून आत, कापड धुवायची आणि रंगवायची कंपनी आली. कापड म्हणजे सुती नाय, नायलॉन-पॉलिस्टरचं, चुरगळत नाय आणि घामही पीत नाय असलं. माझी काय जमीन तिथे गेली नव्हती, तरी मी रोज गेटवर जाऊन बसायचो. दीड महिन्याने कंटाळून त्यांनी मला आत घेतलं. काम दिलं सांडपाण्याच्या टाक्यांवर. तिथे वास यायचा म्हणून दुसरं कोण टिकत नव्हतं. मी गुरांत वाढलेला माणूस, मला वासाचं काय.

कापड धुतलेलं रंगीत पाणी आधी जाळीतनं यायचं. जाळीवर लव साठायची. लव म्हणजे कापडाचे बारीक केस. गुलाबी, निळे, पोपटी, सगळे एकत्र होऊन ओल्या कुत्र्यासारखा लगदा व्हायचा. तो मी फावड्याने ओढून काढायचो. पुढे चुना आणि तुरटी, मग हवा सोडायची टाकी. तिच्यापुढच्या टाकीत गाळ खाली बसायचा आणि वरचं पाणी पाइपाने ओढ्यात. ओढा आमच्या गावाला वळसा घालून पुढे मुरबाड तालुक्यात उतरतो, थेट हिच्या माहेराच्या दारावरनं.

पाणी सोडायच्या आधी काचेच्या ग्लासात घेऊन उजेडात धरायचं आणि वहीत लिहायचं, कसं आहे ते. मी चौथीपर्यंत शिकलेला. अकरा वर्षं रोज एकच शब्द लिहिला, "साफ". तेवढा एक शब्द मी मास्तरापेक्षा चांगला काढायचो.

पाणी खरोखर साफ दिसायचं. मी खोटं लिहीत नव्हतो, हे आधीच सांगून ठेवतो.

कंपनीत एक तरुण साहेब होता, शहरातला, माणूस भला. मला काका बोलायचा. त्याच्या डोक्यातनं निघालं की शेवटच्या टाकीशेजारी काचेची पेटी ठेवायची, तिच्यात आपलंच पाणी सोडायचं आणि मासे पाळायचे. तपासणीला कोण आलं की दाखवायचं, बघा, आमच्या पाण्यात मासे जगतात. मला बोलला, "काका, मासे कुठे मिळतील?"

मासे माझ्या मेव्हण्याकडे. हिचा धाकटा भाऊ, मुरबाडच्या अंगाला ओढ्यावर जाळं टाकून असायचा. कंपनीत नोकरीसाठी तोही गेटवर बसला होता, पण तो चारच दिवसांत उठला. त्याने डब्यातनं बोटाएवढे दहा मासे जिवंत आणून दिले आणि गावभर सांगत सुटला, "मी नाय लागलो, पण माझी दहा पोरं कंपनीत लागली."

दहा पोरांतली चार पहिल्याच आठवड्यात पोट वर करून तरंगली. मी गुपचूप मेव्हण्याला निरोप धाडला, त्याने आणखी चार दिले. पुढे ती रीतच पडली. तपासणी आली की आदल्या दिवशी मेव्हणा डबा घेऊन हजर. "दाजी, भरती आणलीय." हिने एकदा ऐकलं आणि भाकरी थापता थापता बोलली, "मासा मेला की दुसरा आणता. मी मेले की काय आणाल?"

"दोन आणीन."

"आणा. एक पाणी धरायला, एक तुमचं ऐकायला. एकीला दोन्ही झेपत नाय."

एका भरतीत चुकून मरळीचं पिल्लू आलं. मरळ म्हणजे सापाच्या तोंडाचा मासा. ते पिल्लू मेलं नाय. दोन वर्षांत हातभर झालं. बाकीचे मासे मात्र आता मरेनासे झाले, नुसतेच कमी व्हायला लागले. मेव्हणा पेटी बघायला आला तेव्हा काचेला नाक लावून बोलला, "दाजी, हिला तुमी मुकादम केलीत. माझी सगळी पोरं खाल्ली हिने." साहेबाला मात्र मरळ फार आवडायची. पाहुण्यांना बोलायचा, "दोन वर्षं याच पाण्यात आहे. बघा तब्येत."

मी घरी येऊन हे मोठेपणाने सांगितलं. हिने विचारलं, "मरळ काय?"

"मरळ."

"आवो, मरळ चिखलात जगते, गटारात जगते. घटकाघटकाने तोंड वर काढून हवा पिते ती. तिचं तुमच्या पाण्यावाचून काय अडत नाय. माझ्या बापाने डोक्यावरच्या ओल्या पाटीत घालून मरळ बाजारात जिती नेलीय. आणि तुमचा साहेब तिच्यावरनं पाणी साफ ठरवतो?"

मी बोललो, साहेब शिकलेला आहे. ती बोलली, मरळ नाय ना शिकलेली.

पुढे पेटीची काच तडकली आणि साहेबाने मरळ मला देऊन टाकली. नेमकी गटारी आली होती. श्रावणाआधी शेवटचं खाणं म्हणून मी मरळ घरी आणली आणि मेव्हण्यालाही बोलावलं. ही अंगणात विळीवर बसली. पोट फाडलं, आतडं काढलं आणि हात तसाच धरून राहिली.

"इकडे या."

पोटात ज्वारीच्या दाण्याएवढा गोळा होता. तिने नखाने उकलला. गुलाबी, निळे, पोपटी केस, एकात एक गुंतलेले. मी रोज फावड्याने ओढत होतो तोच लगदा, दाण्याएवढा.

मेव्हणा बोलला, "ही तर कंपनीची लव."

मी बोललो, "मरळ तुझ्या ओढ्यातली. तिकडनंच खाऊन आली असणार."

"दाजी, दोन वर्षं झाली तिला नोकरीला."

"मग तिने तुझे मासे खाल्ले. त्यांच्या पोटात असेल. ते तर तुझ्याच ओढ्यातले ना?"

मला वाटलं, जिंकलो. तेवढ्यात ही बोलली, "आणि ह्याच्या ओढ्यात पाणी येतं कुठनं?"

मी जरा विचार केला आणि बोललो, "आभाळातनं."

दोघं बहीणभाऊ इतकी हसली की मांजराने मरळीचं डोकं नेलं तेही कोणाला कळलं नाय. हिने तो गोळा शेणाच्या बोटाने चुलीवरच्या भिंतीला चिकटवला. घरात कोण आलं की दाखवायची, "हा आमच्या ह्यांचा फोटो. कंपनीत काढलाय." सापगावला दिलेली आमची लेक माहेरपणाला आली तेव्हा तिनेही बघून घेतला. बापाचा दुसरा फोटो घरात नव्हताच.

आता टीव्हीवर या लवेला मोठं नाव ऐकतो, मायक्रोप्लास्टिक. समुद्रात सापडतं, माणसाच्या रक्तातही सापडतं बोलतात. आमच्या घरात ते चुलीवरच्या भिंतीला सापडत होतं.

मी साहेबाला विचारल्याशिवाय राहिलो नाय. "साहेब, आपल्या पाण्यातनं धागे जातात का?" साहेबाने छापील कागद काढला. त्यावर रंग होता, वास होता, आंबटपणा होता, आणखी चारपाच नावं होती. सगळ्यांपुढे बरोबरची खूण. तो बोलला, "काका, यात धागे नावाची टेस्टच नाही. ज्याची टेस्ट नाही ते आपण काय सांगणार?" त्याने खोटं सांगितलं नाय. जाड लव जाळीला राहते, बारीक बरीचशी गाळात बसते, असंही बोलला. उरलेलीचं काय, ते त्यालाही माहीत नव्हतं.

मला हायसं वाटलं. घरी येऊन हिला सांगितलं की कागदावर धाग्याचं नावच नाय. ती लेकीच्या पोरीचं डोकं विंचरत होती. बोलली, "म्हंजे उवा बघितल्या नाय की डोकं साफ."

त्यानंतर तिने गाळायच्या फडक्याकडे जास्त लक्ष द्यायला घेतलं. आमची विहीर ओढ्याकाठची. पावसात ओढा फुगला की तिच्यात उतरतो. कधी एक तूस, कधी दोन, ती अंगठ्यावर टिपून मला दाखवायची. मग एकदा माझ्या डोक्यात लख्ख पडलं. ते फडकं मीच कंपनीतनं आणलेलं होतं! पॉलिस्टरचा तुकडा, गुलाबी काठाचा, वाया गेलेल्या मालातला. लग्नातली नथ दिल्यासारखा मीच तिला दिला होता. मी हंड्यावरनं फडकं उचललं आणि अंगणात नाचलोच. "अगो, ही लव तुझ्या फडक्याचीच! कंपनीच्या कापडातनं गाळतेस आणि कंपनीचा धागा सापडला बोलतेस!"

ती गप्प झाली. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा गप्प झाली. मी त्या दिवशी शेजाऱ्यांकडे दोनदा चहा प्यायलो.

संध्याकाळी घरी आलो तर तिने पत्र्याची पेटी उघडली होती. लग्नातलं तिचं पांढरं सुती लुगडं, बापाने घेतलेलं, वर्षातनं एकदा उन्हात घालायची आणि परत ठेवायची. त्याचा काठासकट हातभर तुकडा तिने फाडला. फाडल्याचा आवाज मी उंबऱ्यात उभा राहून ऐकला. तिने तो उकळत्या पाण्यात घातला, मळकट पाणी ओतून परत उकळला, पिळला, चौपदरी केला आणि माझ्यापुढे धरला.

"यात नायलॉनचा एक केस नाय. आता काय सापडलं तर ते पाण्यातलं. खरं ना?"

"खरं."

"मग हे कंपनीच्या पाइपाखाली धरा. पाणी जाऊ द्या आणि काय राहतं ते बघून मला सांगा. मी येऊन बघणार नाय. तुमी सांगाल ते खरं धरीन."

"आणि काय नाय राहिलं तर?"

"तर भिंतीवरचा फोटो काढीन आणि परत तोंड उघडणार नाय. पण राहिलं तर कबूल करायचं. माझ्यापुढे नको. माझ्या भावापुढे. त्याची पोरं ते मासे खातात."

तिने तेवढंच मागितलं. आयुष्यात साडी मागितली नाय, सोनं मागितलं नाय. मागितलं ते हे, आणि मी चार वर्षं उद्या-उद्या केलं. माझ्या टाकीपासून दोन घरांवरच्या अंतरावर पाइप. रोज त्याच्याशेजारनं ये-जा करायचो. फडकं खिशात घालून तीनदा गेलोसुद्धा. एकदा पाऊस होता, एकदा कोण तरी बघत होतं, आणि एकदा पाऊसही नव्हता, कोण बघतही नव्हतं, तरी परत आलो. घरी येऊन सांगितलं, आज पाणी बंद होतं. तिने माझ्या पायांकडे बघितलं. पाय कोरडे होते. तिने फडकं परत हंड्यावर घातलं. तसंही त्याच फडक्याने पाणी गाळायला घेतलं होतं तिने. बोलायची, तुमचा मुहूर्त निघेपर्यंत त्याला रिकामं कशाला ठेवू?

घाबरत होतो, दुसरं काय. वही भरून साफ लिहिलेलं होतं. माझ्या हातचं, वळणदार. गावात मी "कंपनीत पाणी साफ करतो" असा माणूस होतो, आणि गुरांमागनं उठून तेवढा झालो होतो. त्या हातभर फडक्याने ते पुसलं जाणार होतं. एकदा तिने मला समजवायचा प्रयत्न केला. "तुमी घाण केली असं कुठे बोलते मी? तुमी काढलीत, सगळी निघाली नाय. भांडी घासताना माझ्या हातनं राख राहते, तर मी राहिली बोलते. तुमाला बोलायला काय होतं?" मी बोललो, राख वेगळी. ती बोलली, हो, राख निदान मातीत जाते.

तर असं होतं ते फडकं.

तिला पोचवून आलो त्याच्या दुसऱ्या सकाळी घर माणसांनी भरलं होतं. जिथे तिने जीव सोडला असं सगळ्यांनी मानलं, तिथे हंड्याशेजारी, रात्री पीठ पसरून दिवा लावून वर टोपली पालथी घातली होती. गेलेला माणूस कुठल्या जन्माला गेला त्याची पावलं त्या पिठावर उमटतात. बायका टोपली उचलून वाकल्या होत्या. एक बोलली चिमणी, दुसरी बोलली मुंगी. मी मनात बोललो, मुंगीच. चावायची सवय आहे.

हंड्यावर फडकं तसंच वाळून कडक झालेलं होतं. मी ते उचललं, निम्म्या हंड्यातलं तिने गाळलेलं पाणी घेऊन तीनदा झटकून धुतलं, पिळून सदऱ्याच्या आत घातलं. पण बाहेर पडायचं कसं? सुतकातल्या माणसाला कोण एकटं सोडत नाय. जिथे जाशील तिथे दोन माणसं मागे. मग मी लोटा उचलला. लोटा हातात असलेल्या माणसाला कोण काय विचारत नाय, मागेही येत नाय. उलट वाट देतात. मेव्हणा दारातच बसला होता, त्यानेही पाय आवरून घेतले.

मी ओढ्याकाठाने वर गेलो. पाइप कुंपणाच्या बाहेर निघतो, तिथे दगडावर लोटा ठेवला. पायजमा गुडघ्यापर्यंत ओढून पाण्यात उतरलो. फडकं चौपदरी करून पाइपाच्या तोंडाला दोन्ही हातांनी धरलं. आयुष्यभर मी ओतलं आणि तिने धरलं. धरायचं काम असं जड असतं हे मला माहीत नव्हतं. पाणी जोरात आलं की फडकं सुटायला बघतं, बोटं वळतात. मी कळशी जोरात ओतायचो तेव्हा तिच्या बोटांचं काय होत असेल! मी तिथेच पाइपाला शिव्या दिल्या. "बैलाला पाजतोस काय रे भाड्या!"

हात बधिर होईपर्यंत धरलं. मग दगडावर बसून फडकं उघडलं. पाणी नेहमीसारखं नितळ होतं, ग्लासात धरलं असतं तर मी साफच लिहिलं असतं. पण पांढऱ्या सुतावर गुलाबी होतं, निळं होतं, पोपटी होतं. मोजायला गेलो नाय. चष्म्याशिवाय दिसत होतं. आणि हे जाड ते राहिलेलं. फडक्यातनं गेलं ते मेव्हण्याच्या दारावर पोचलंही असेल.

फडकं तसंच घडी करून घेऊन आलो. बायका अजून पिठावरच होत्या. मेव्हणा दारात होता. मी त्याच्यापुढे जमिनीवर बसलो आणि फडकं उघडून ठेवलं. भजनाला आलेली माणसं वाकून बघायला लागली. मी बोललो, "पाइपाखाली धरलं. साफ नाय. अकरा वर्षं साफ नव्हतं. तुझी बहीण खरं बोलत होती."

मेव्हण्याने फडक्याकडे बघितलं, लुगड्याचा काठ ओळखला आणि त्यावर हात ठेवला. मग माझ्या ओल्या पायांकडे बघून बोलला,

"दाजी, लोटा कुठाय?"

लोटा वर दगडावरच राहिला होता. मी परत उठलो आणि आणायला गेलो.